रेंगाळणारा ताप आणि हृदयाच्या झडपा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका डॉक्टर भगिनीने केलेले भाषण. भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांपैकी काही भाग शेवटी दिला आहे.)



वर्धापनदिनी आरोग्यावर बोलायचे म्हटले की वक्त्या बहुधा मुलांचा आहार, नाहीतर मधुमेह, रक्तदाब असे विषय घेतात. ते घ्यावेतच. मी मात्र आज अशा एका दुखण्याविषयी बोलणार आहे, की ज्याचे नाव येथे बसलेल्यांपैकी फार थोड्या जणींनी ऐकले असेल. ते काही घरोघर आढळणारे दुखणे नव्हे. पण ज्या घरात शिरते त्या घराची घडी पार विसकटून टाकते. आणि ते वेळेवर ओळखले जाणे हे पुष्कळदा डॉक्टरांइतकेच घरातल्या बाईच्या हाती असते. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला. हृदयाच्या झडपांना आणि आतल्या अस्तराला होणारा जंतुसंसर्ग, असे त्याचे वर्णन करता येईल. डॉक्टर त्याला एन्डोकार्डायटिस म्हणतात. नाव अवघड आहे. माझ्या भाषणात ते एक-दोनदाच येईल, तेवढे सहन करा.

हृदयात चार कप्पे असतात आणि रक्ताने एकाच दिशेने जावे, मागे फिरू नये, म्हणून चार झडपा असतात. दर ठोक्याला त्या उघडतात नि मिटतात. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे काम चालते. झडपांवर आणि सगळ्या कप्प्यांच्या आतून एक तलम, गुळगुळीत अस्तर असते. ते धड असेपर्यंत रक्तातले काहीही त्याला चिकटून राहत नाही.

आता तुम्हांला एक गोष्ट सांगते, ती ऐकून दचकू नका. आपण सगळ्यांच्याच रक्तात अधूनमधून जंतू शिरत असतात. हिरड्या सुजलेल्या असल्या तर नुसते दात घासताना किंवा काही कडक चावून खाताना तोंडातले जंतू रक्तात उतरतात. धडधाकट माणसाचे शरीर काही मिनिटांत त्यांचा निकाल लावते, आपल्याला पत्ताही लागत नाही. परंतु ज्याच्या झडपेचा पृष्ठभाग खडबडीत झाला आहे, त्याची गोष्ट निराळी. आपल्या मोरीत नाही का, जेथे फरशी गुळगुळीत असते तेथे काही धरत नाही, आणि जेथे टवका उडालेला असतो नेमके तेथेच बुळबुळीत शेवाळ धरते? तसेच येथे होते. खडबडीत जागी रक्तातले बारीक कण साठतात, त्यांत जाता जाता जंतू अडकतात, त्यांच्यावर पुन्हा कणांचा थर बसतो आणि भिजवलेल्या मटकीला मोड यावेत तसे त्या झडपेवर मोड येऊ लागतात. झडप कुरतडली जाते. शिवाय त्या मोडाचा एखादा तुकडा सुटला तर रक्ताबरोबर तो कोठेही जाऊन अडकतो; मेंदूत, मूत्रपिंडात, प्लीहेत, पायाच्या रक्तवाहिनीत. ह्या दुखण्याची भीती आहे ती ह्या दोन गोष्टींची.

झडप खडबडीत होते कशाने? आपल्या देशात त्याचे मोठे कारण अजूनही सांधेताप हेच आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन मोठे सांधे एकामागून एक धरतात, मग सांधे बरे होतात आणि सगळे विसरून जातात. हृदयाची झडप मात्र विसरत नाही. ती हळूहळू जाड होते, आखडते, गळू लागते. काहींना जन्मतःच झडपेत किंवा हृदयाच्या पडद्यात दोष असतो. काहींना कृत्रिम झडप बसवलेली असते. ज्यांना हे दुखणे एकदा होऊन गेले त्यांना ते पुन्हा होण्याचा धोका अधिक. आणि आता माणसे दीर्घायुषी झाल्यामुळे सत्तरी ओलांडलेल्यांच्या झिजलेल्या झडपांवरही हे जंतू बसताना दिसतात. डायलिसिससाठी गळ्याजवळ नळी ठेवलेली असते, किंवा सलाइनची सुई दिवसेंदिवस एकाच जागी राहते, तेथून कातडीवरचे जंतू आत शिरतात; हे जंतू इतके जहाल असतात की चांगली झडपही सोडत नाहीत. अशा वेळी ताप रेंगाळत नाही, हुडहुडी भरून एकदम चढतो आणि चार दिवसांत माणूस आडवा होतो. त्या रोग्याला तुम्ही आपणहून रुग्णालयात न्यालच. मला चिंता आहे ती दुसऱ्या तऱ्हेची, जी हळूहळू पावले टाकीत येते.

तिची लक्षणे सांगायची तर सांगण्यासारखे काही नसते, हीच अडचण आहे. संध्याकाळी अंगात कणकण. बारीक ताप. रात्री घाम. भूक नाही, वजन उतरते, पाठ आणि सांधे दुखतात, जिना चढताना धाप लागते. आपल्या बायकांची तऱ्हा अशी की ताप शंभराच्या आत असला म्हणजे तो ताप नव्हेच. क्रोसीनची गोळी घ्यायची नि कणीक मळायला बसायचे. आठवडे असे जातात. डॉक्टरांकडे गेले तर आपल्या देशात तापाला कारणे काय थोडी आहेत? विषमज्वर, मलेरिया, क्षय ह्यांचा विचार आधी होतो आणि तो व्हायलाही हवा. काही खुणा असतात. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नखांखाली लाकडाची कूस गेल्यासारख्या उभ्या रेघा, बोटांच्या पेरांवर दुखऱ्या बारीक गाठी. ह्या गाठींना ऑस्लर ह्या डॉक्टरांचे नाव मिळाले आहे. त्यांनी १८८५ साली लंडनला ह्याच दुखण्यावर व्याख्याने दिली होती. परंतु ह्या खुणा सगळ्यांत दिसतातच असे नाही, उलट पुष्कळांत दिसत नाहीत. वृद्धांना तर कधी ताप देखील नसतो. जेवण सुटते, बोलणे असंबद्ध होते, आणि घरचे म्हणतात, वय झाले.

एका सुनेची हकीकत सांगते. नावगाव सांगत नाही. अकराव्या वर्षी तिचे सांधे धरले होते, झडप थोडी बिघडली होती, आणि माहेरी असेपर्यंत दर एकवीस दिवसांनी तिला पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळत असे. लग्न ठरले तेव्हा माहेरच्यांनी हृदयाची गोष्ट झाकून ठेवली. मुलगी दिसायला निरोगी, उगाच कशाला कुणाच्या मनात किंतू आणायचा, असा विचार. सासरी इंजेक्शन घ्यायला जायचे तर कारण सांगावे लागणार, म्हणून तेही सुटले. सव्विसाव्या वर्षी तिला बारीक ताप येऊ लागला. जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप गेला, सगळ्यांना बरे वाटले. गोळ्या संपून चार दिवस झाले नि ताप परत. दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या, तेच झाले. मग तिसरे. असे दोन महिने गेले. एका सकाळी पोळ्या लाटताना तिच्या उजव्या हातातले लाटणे गळून पडले आणि जीभ जड झाली. झडपेवरचा तुकडा मेंदूत गेला होता.

रुग्णालयात आणल्यावर छातीला नळी लावताच हृदयात आवाज ऐकू आला. तिच्या आईला फोन करून विचारले, तेव्हा कोठे सांधेतापाची गोष्ट बाहेर आली. सासूबाई मला म्हणाल्या, “आम्हाला आधी सांगितलं असतं तर आम्ही काय मुलीला नाही म्हटलं असतं?” कदाचित म्हटलेही असते. मी काही सासरच्यांची बाजू घेऊन बोलत नाही. आजही हृदयाचा दोष असलेल्या मुलीचे स्थळ मोडते, मुलाचे सहसा मोडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मंडळातल्या भगिनींनी निदान आपल्या घरापुरते तरी असे वातावरण ठेवावे की सुनेला, भाचीला, पुतणीला ही गोष्ट मोकळेपणी सांगता येईल. आणि सगळ्या घराला सांगायचे नसेल तर नका सांगू, पण ज्या डॉक्टरांकडून औषध घेता त्यांना सांगा. “लहानपणी माझे सांधे धरले होते, झडपेत दोष आहे,” एवढे एक वाक्य तिने पहिल्या दिवशी म्हटले असते तर पुढचे बरेचसे टळण्याजोगे होते.

आता मुख्य मुद्दा. ह्या दुखण्याचे निदान दोन गोष्टींवर होते. एक, रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवणे. त्याला ब्लड कल्चर म्हणतात. दुसरी, इकोच्या तपासणीत झडपेवरचा मोड दिसणे. छातीवरून नीट दिसले नाही तर अन्ननळीत नळी घालून आतून इको करतात. १९९४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील डॉक्टरांनी निदानाचे निकष ठरवले, २००० आणि २०२३ साली त्यांत सुधारणा झाल्या, पण ह्या दोन गोष्टींचे महत्त्व तसेच राहिले. कल्चरसाठी वेगवेगळ्या शिरांतून बहुधा तीन वेळा रक्त घेतात. “किती रक्त काढता हो!” असे नातेवाईक नेहमी म्हणतात. तिन्ही वेळचे मिळून ते साठ मिलिलिटरच्या आसपास भरते. रक्तदानाच्या एका पिशवीत साडेतीनशे मावते. ह्या रक्तात जंतू वाढला म्हणजे कोणता जंतू, कोणत्या औषधाने तो मरतो, हे नक्की कळते आणि सहा आठवड्यांच्या उपचारांची दिशा ठरते.

पण आधीच अँटिबायोटिकच्या गोळ्या पोटात गेलेल्या असल्या तर? तेवढ्याने मोडातले जंतू मरत नाहीत, रक्तात उतरणारे मात्र दबतात. ताप उतरतो, आणि बाटलीत काहीच वाढत नाही. म्हणजे रोग तसाच राहिला आणि त्याचा पुरावा तेवढा पुसला गेला. आपल्या त्या सुनेचे हेच झाले. तिच्या रक्तात काही वाढले नाही, इकोत मोड मात्र दिसला, आणि शेवटी अंदाजाने दोन-दोन औषधे द्यावी लागली. तेव्हा ज्यांच्या झडपेत दोष आहे, ज्यांना कृत्रिम झडप आहे, त्यांना कारण न कळता आठवडाभर ताप राहिला, किंवा गोळ्या संपताच ताप परत आला, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: आधी रक्त कल्चरला पाठवायचे का? ह्यात डॉक्टरांचा अपमान नाही. रोगी फारच अत्यवस्थ असेल तर डॉक्टर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतील, रिपोर्टची वाट पाहणार नाहीत. पण रक्त आधी, औषध नंतर, हा क्रम तेव्हाही मोडायचा नसतो. आणि औषधाच्या दुकानातून आपण होऊन अँटिबायोटिक आणणे, शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेणे, हे तर अशा माणसांनी अजिबात करू नये.

ह्यावरून एक जुनी गोष्ट आठवते. गुस्ताव्ह माहलर म्हणून युरोपातले थोर संगीतकार होते. झडपेचा दोष त्यांना होताच. १९११ सालच्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला असताना त्यांना ताप येऊ लागला. तेथल्या डॉक्टरांनी त्यांचे रक्त घेऊन कल्चर केले आणि जंतू सापडला. निदान अचूक झाले, पण त्या काळी जगात ह्या रोगावर औषधच नव्हते. मे महिन्यात व्हिएन्नाला ते वारले, पन्नास वर्षांचे होते. १९२८ साली फ्लेमिंगना पेनिसिलिनचा शोध लागला, तरी ते रोग्यांना मिळायला १९४० नंतरची वर्षे उजाडली, आणि १९४४ च्या सुमारास ह्या दुखण्यातून उठलेल्या रोग्यांच्या हकिकती प्रसिद्ध होऊ लागल्या. त्याआधी हे दुखणे म्हणजे जवळजवळ मरणच. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला, आणि तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले तेव्हा त्याचे केवढे अप्रूप होते, ते माझ्या आईकडून मी ऐकले आहे. माहलरना निदान मिळाले, औषध मिळाले नाही. आज आपल्याकडे औषध गल्लीच्या कोपऱ्यावर मिळते, आणि त्याच्याच घाईने निदान हातचे जाते.

उपचार बहुतेक चार ते सहा आठवड्यांचे, तेही शिरेतून. लोक विचारतात, न्यूमोनियाला सात दिवस पुरतात, मग येथे एवढे का? कारण झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा फारच थोडा असतो. शरीराच्या रक्षक पेशी तेथे नीट पोहोचत नाहीत, जंतू थरांच्या आत दडून बसलेले असतात, आणि औषधाला झिरपत झिरपत आतपर्यंत जावे लागते. दहा दिवसांत ताप जातो, तोंडाला चव येते, आणि मग घरी जाण्याची घाई सुरू होते. मुलांच्या परीक्षा, घरात करणारे कोणी नाही, खर्च वाढतो आहे. बाई रोगी असली म्हणजे ही घाई दुप्पट असते, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे. नवरा आजारी असता तर सहा आठवडे सगळे घर रुग्णालयाच्या खेपा घालते. येथे मंडळाला काही करता येईल असे मला वाटते. शेजारच्या बाईवर अशी वेळ आली तर डबा, मुलांची शाळा, रात्रीची सोबत, हे चौघींनी वाटून घ्यावे. अर्धवट सोडलेल्या उपचारांपेक्षा वाटून घेतलेला स्वयंपाक कितीतरी सोपा.

प्रकृती स्थिर झालेल्या निवडक रोग्यांना काही दिवसांनी शिरेतल्या औषधाऐवजी गोळ्या देता येतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या चारशे रोग्यांच्या अभ्यासात दिसले आहे. पण त्या गोळ्या निराळ्या, देखरेख कडक, आणि ते ठरवायचे तज्ज्ञांनी. औषधांपैकी काहींनी मूत्रपिंडाला व कानाला त्रास होतो. चक्कर येऊ लागली, कानात आवाज येऊ लागले, लघवी कमी झाली, तर परिचारिकेला लगेच सांगावे. झडप फारच गळू लागून धाप वाढली, औषधांनी जंतू आवरेनात, किंवा मोठा मोड सुटण्याचा धोका दिसला, तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि कधी ती उपचार पुरे होण्याआधीच करावी लागते. त्या वेळी “आधी ताप जाऊ द्या” म्हणून हट्ट धरू नये. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या देशात सर्रास होते. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडवलेली स्वदेशी झडप १९९० साली प्रथम रोग्याला बसवली गेली. इतके सगळे असूनही आज ह्या दुखण्याने रुग्णालयात आलेल्या पाच जणांतला साधारण एक दगावतो, हे मी लपवणार नाही.

त्या सुनेची झडप बदलली. ती चालते, बोलते, स्वयंपाक करते. सुईत दोरा मात्र तिला अजून ओवता येत नाही.

आता दातांविषयी, मग पुरे करते. झडपेवर बसणाऱ्या जंतूंचे एक मोठे माहेर म्हणजे आपले तोंड. दोन वेळा दात घासणे, हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते “उष्णतेने येते” म्हणून न सोडता दाताच्या डॉक्टरांकडे जाणे, हा ह्या रोगावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. कृत्रिम झडप असलेल्यांनी, हे दुखणे एकदा होऊन गेलेल्यांनी, आणि जन्मजात हृदयदोषाच्या काही रोग्यांनी दात काढण्यापूर्वी किंवा हिरड्यांवरच्या कामापूर्वी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकची एकच मात्रा घ्यायची असते. ह्या सूचना अमेरिकेत १९५५ साली प्रथम निघाल्या. तेव्हा त्या पुष्कळांना लागू होत्या, २००७ साली त्या फक्त मोठ्या धोक्याच्या रोग्यांपुरत्या ठेवल्या गेल्या. सांधेतापाने बिघडलेल्या झडपेबद्दल सगळ्यांचे एकमत नाही, तेव्हा आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून त्यांचे उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवावी. कोणती झडप, कधी बसवली, कोणते औषध सोसत नाही, एवढे तीवर असले म्हणजे झाले.

प्रश्नोत्तरांतून

एका भगिनीने विचारले, हा रोग लागट आहे का, रोग्याची भांडी वेगळी ठेवावीत का? मुळीच नाही. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही.

दुसरीने विचारले, माझ्या यजमानांची बायपास झाली आहे, त्यांनी दाताच्या वेळी गोळी घ्यावी का? बायपास आणि स्टेंट ह्यांचा संबंध हृदयाच्या रक्तवाहिन्यांशी, झडपांशी नव्हे. तेवढ्यासाठी घेण्याची गरज नाही. पेसमेकर असलेल्यांनी मात्र त्या जागेची कातडी लाल झाली, सुजली, पाझरू लागली तर एक दिवसही थांबू नये.

सांधेतापासाठी दर एकवीस दिवसांनी घ्यायचे इंजेक्शन ह्या रोगापासून वाचवते का, असे एका आईने विचारले. थेट नाही. ते सांधेताप पुन्हा येऊ देत नाही, त्यामुळे झडप आणखी बिघडत नाही. झडप बिघडलेली असल्यास ते पुष्कळदा चाळिशीपर्यंत, कधी त्याहून पुढेही घ्यावे लागते. लग्न झाले म्हणून ते बंद करायचे नाही.

शेवटचा प्रश्न होता, उपचार पुरे करून घरी आल्यावर महिन्याने पुन्हा कणकण आली तर? मग घरातली कोणतीच गोळी न घेता त्याच दिवशी जाऊन पुन्हा कल्चरसाठी रक्त द्यायचे.